बसून गेलेल्यांचा रकाना

शिवणकाम करणारी बाई पोलीस ठाण्याच्या बाकावर तिसऱ्यांदा येऊन बसली होती. शेजारीच इंजिनिअर आणि हवालदार फॉर्म भरत उभे होते. कोणत्या जुन्या ठाण्याला खोल्या वाढवून द्यायच्या, ते त्या फॉर्मवरून ठरणार होतं. बाईचे कान तिकडेच लागले होते.

“बायकांसाठी वेगळी खोली मागताय. वर्षभरात बायकांच्या तक्रारी किती आल्या?”

“एकही नाही, साहेब.”

“मग खोली काय चाटायचीय?”

“बायका येतात हो. पण सगळ्यांच्या देखत बोलायला जीभ रेटत नाही. बसतात आणि उठून जातात.”

“बसून गेलेल्यांचा रकाना नाहीये यात. शून्य लिहितो.”

“असं कसं, साहेब?”

“वरचे लोक आकडा बघतात, हवालदार. खोली रद्द. एवढे बसणारे असतील तर बाक लांब करून देतो.”

इंजिनिअरनं खिशातून टेप काढला आणि तो बाईकडे वळला.

“ताई, माप घ्यायचंय. टेपचं टोक धरता जरा?”

“धरते की. रोजचंच काम आहे माझं.”

तिनं हात लांब केला तशी बाही कोपरापर्यंत सरकली. मनगटापासून वर ओळीनं भाजल्याचे पाच डाग होते, इस्त्रीच्या टोकाएवढे.

“अगं आई गं! ताई, हे कुणी...”

“घरचीच इस्त्री आहे, साहेब. टोक धरलंय मी. मोजा.”

टेप इंजिनिअरच्या हातातून सुटून सर्रकन गुंडाळला गेला.

“साहेब,” हवालदार कसंबसं म्हणाले, “ते शून्य पेनानं लिहिलंत की पेन्सिलनं?”