जाकूची बोली

मंडळी, कोळीवाड्यातले, वरच्या आळीतले, सगळे आलात. शाळेचा ओटा पुरला नाही. मला सभेत बोलायची सवय नाही. आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकण्यात माझा जन्म गेला. जमेल तसं सांगतो.

आपला जाकू परवा गेला. मोठी लढाई संपल्यावर आमची बोट मुंबईला लागली, तेव्हा तो तापाने फणफणला होता. बोट त्याला टाकून निघून गेली. मी त्याला थळला आणला. बारा वर्षं इथेच राहिला. उधाणात भरली होडी किनाऱ्याला लावावी ती त्यानेच.

तुम्ही त्याला हबशी म्हणालात. जंजिऱ्याचाच असणार, असं धरून चाललात. त्याला आपल्या भाषेत बोलायला मिळावं म्हणून मुरुडहून एक हबशी गृहस्थ मुद्दाम बोलावलेत. आठवतं? दोघं एकमेकांकडे बघत बसले. शेवटी बोलले ते मराठीत! गृहस्थ म्हणाले, "यो आमचा न्हाय." जाकू म्हणाला, "मी क्रू हाय." मी बाजूलाच बसलो होतो. गप्प.

क्रू म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे दर्यावर्दी लोक. हबशांचा मुलूख पार दुसऱ्या अंगाला. जाकूच्या कपाळावरची निळी रेघ ही त्याच्या लोकांची खूण. त्यांची बोलीही वेगळी. बोटीवर मी ती थोडीफार शिकलो होतो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? लाज वाटली. तो माझ्या अंगणात त्या बोलीत बोलायला लागला की शेजारीपाजारी जमायचे, हसायचे. एक दिवस मी म्हणालो, "जाकू, इथं राहायचं तर आमच्यासारखं बोल." "बरं, दादा," म्हणाला. पुन्हा माझ्याशी त्या बोलीत बोलला नाही.

गेल्या आठवड्यात तापात त्याची मराठी गेली. दोन दिवस माझा हात धरून आपल्या बोलीत काहीतरी विचारत होता. बोटीवर शिकलेलं मी कधीच विसरून गेलो होतो, मला एक अक्षर कळलं नाही. मी नुसता "हो, हो" म्हणत राहिलो. कशाला हो म्हणालो, देव जाणे. याचं मला फार वाईट वाटतं.

जाकू, माझा रामराम घे.

मंडळी, आता उभं राहून गप्प राहायची रीत आहे. पण गप्प तर त्याला मी बारा वर्षं ठेवलं. तेव्हा आज एवढं करा. वल्हं मारताना तो स्वतःशी पुटपुटायचा, त्यातला एखादा शब्द कुणाच्या कानावर पडला असेल, तर तो मोठ्याने म्हणा. अर्थ माहीत नसला तरी चालेल. सुरुवात मीच केली असती. मला एकही आठवत नाही.