बँकेतल्या पोराचा नमस्कार

हसू नका, पण भोकरदनच्या बँकेत विमा विकणाऱ्या एका पोराने मला वाकून नमस्कार केला आणि मी विरघळलो. आमचा मुलगा पुण्याला गेल्यापासून समोर उभं राहून कुणी 'बाबा' म्हटलं नव्हतं. मी त्याला घरचं सगळं सांगितलं आणि हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्याने सांगितलेल्या पंधरा वर्षं मुदतीच्या पॉलिसीत घातले.

घरी ही म्हणाली, "अवो, तवर माझा गुडघा थांबणार हाय का? आत्ता लगेच गेलं तर पॉलिसी रद्द करून पैसे परत मिळत्यात म्हणे. जल्दी जा."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी "ही पॉलिसी नको" एवढंच घोकत गेलो. मला पाहताच पोरगा उठला, पुन्हा वाकला.

"बाबा, आईचा गुडघा कसा हाय?"

"बरा हाय," मी म्हणालो.

त्याने चहा मागवला. तो पिऊन, त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी परत आलो.

ही भिंत धरत दार उघडायला आली.

"झालं का काम?"

"साहेब सुट्टीवर होते."

"मंग उद्या जा," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला तशीच भिंत धरत आत गेली.