शिडीच्या दहा पायऱ्या

त्या विशाल मनोरंजन उद्यानात, उंच पाळण्याच्या रांगेत, एका वृद्ध शिक्षिकेच्या कानी पुढच्या भावंडांचे बोलणे सहजच पडत होते. बहीण चाकांच्या खुर्चीत बसली होती.

"पाळणा मध्येच अडकला, तर ताईंना शिडीच्या दहा पायऱ्या स्वतः उतरता येतील?" पाळणेवाल्याने विचारले.

"न उतरायला काय झालं! गेल्या वर्षी चालत होती की."

"दादा, खोटं नको बोलूस."

"अगं, नुसतं हो म्हण. अडकतोय कशाला पाळणा!"

"आज सकाळी उशीवरची मान तूच उचललीस ना माझी?"

"मग चल, घरी जाऊ."

"वेडा आहेस का? तू बस. वरून काय दिसतं, ते सांग मला."

"पुढच्या वर्षी दोघं बसू."

"पुढच्या वर्षी तुला इथं ओढून आणायला मी नसेन, दादा. आत्ताच जा."

अखेर भाऊ एकटाच पाळण्यात चढला. खुर्चीपाशी थांबायला शिक्षिका रांग सोडून पुढे झाली.