सुतळीच्या तीन हजार ओळी

(चिंचवडमधला फ्लॅट. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा आहे. दुपारचे तीन.)

स्वरूपा: परवानगी मागायला नाही आले, मावशी. सांगायला आलेय. पाच वाजता सुतळीचं नवं व्हर्जन निघतंय, आणि त्यात तुझा भाग नसेल.

विजयश्री: किती ओळी?

स्वरूपा: तीन हजार एकशे चाळीस.

विजयश्री: बटाटे उकडेपर्यंत पुसून होतील. मग मारुंजीहून दोन बस बदलून आलीस कशाला? फोनवर सांगायचं.

स्वरूपा: फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून दिला असतास आणि चार महिने बोलली नसतीस.

विजयश्री: दोन महिने. चहा घे. आणि मला नीट कारण सांग. बाहेरच्या माणसाला सांगतेस तसं.

स्वरूपा: सांगते. सुतळी हा प्रोग्रॅम कारखान्यातल्या मशीनला कॉम्प्युटरवरून कामाच्या सूचना पाठवतो.

विजयश्री: हे तू मला सांगतेस! त्र्याण्णव साली मीच लिहिला तो. केबल खोक्याला टिकत नव्हती, सुतळीनं बांधून ठेवली होती, म्हणून नाव सुतळी.

स्वरूपा: बाहेरच्या माणसाला सांगते तसं, असं तूच म्हणालीस. तर, तू लिहिलास, मी तो नव्यानं बांधला आणि इंटरनेटवर फुकट ठेवला. ओपन सोर्स. कोणीही घ्या, वापरा, बदला. पण दुरुस्त करायला उरलं कोण? मी एकटी. प्रज्वल होता, त्यानं मार्चमध्ये हात वर केले.

विजयश्री: तो उंच, दाढीवाला? माझ्या हातची थालीपीठं खाऊन गेला होता.

स्वरूपा: तोच. का गेला, माहितेय? तुझ्या टेपच्या भागामुळे. पूर्वी पंच केलेल्या कागदी टेपवर चालायची ती जुनी मशीनं, त्यांना टेपऐवजी सुतळी सूचना देते. एक बदल करावा, की तिकडे काहीतरी मोडतं. मोडलं ते दुरुस्त झालं का हे तपासायला आमच्याकडे तसलं मशीनच नाही. अंधारात सुई ओवतोय आम्ही. वर जूनमध्ये एका माणसानं दाखवून दिलं, की त्या भागातल्या एका फटीतून कुणीही बाहेरून कॉम्प्युटरमध्ये शिरू शकतो.

विजयश्री: कुठली फट?

स्वरूपा: मिलिंगच्या ओळींमध्ये.

विजयश्री: हो, त्या घाईत लिहिल्या होत्या. बरोबर पकडलं त्यानं.

स्वरूपा: तुला राग नाही आला?

विजयश्री: चुकलेल्या कामाचा राग कसला? पुढे बोल.

स्वरूपा: पुढे काही नाही. मी दिवसभर कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात हे. आता दोनपैकी एकच होऊ शकतं. तो भाग जाईल, नाहीतर मी सुतळी बंद करीन. आणि मी मनमानी नाही केली हं. नोटीस दिली, सगळं रीतसर. गेल्या नोव्हेंबरपासून टेपचा भाग चालू केला की पिवळी पट्टी येते. ‘हा भाग बंद होणार आहे, वापरत असाल तर कळवा.’ दहा महिन्यांत एकाचंही उत्तर नाही.

विजयश्री: नोव्हेंबर. दसरा झाल्यावर.

स्वरूपा: दसऱ्याचा काय संबंध?

विजयश्री: दर वर्षी खंडेनवमीला माझ्याकडे पेढे येतात, ते कोणाकडून?

स्वरूपा: ते महाळुंग्याचे कोण ते... कोंडीराम?

विजयश्री: गेल्या वर्षी अर्धा डबा तू संपवलास. मशीनच्या पूजेचे पेढे होते ते. कुठल्या मशीनच्या, हे विचारलं नाहीस.

स्वरूपा: मावशी, नको ना. ती मशीनं भंगारात गेली. तूच सांगितलंस, तुमच्या कारखान्याची टूलरूम बंद झाली तेव्हा लिलाव झाला म्हणून.

विजयश्री: लिलाव म्हणजे भंगार नव्हे. लिलावात घेणारा असतो. तो फोन दे इकडे. स्पीकर कसा लावायचा यावर?

कोंडीराम: बोला बाई! या वर्सी खंडेनवमीला येताय ना? का परत गुडघ्याचं कारन?

विजयश्री: येते, येते. कोंडीराम, माझी भाची आहे शेजारी, स्वरूपा. तिला विचारायचंय. तुमची जुनी लेथ आहे का चालू?

कोंडीराम: हाय म्हंजे? थांबा, फोन न्हेतो तिच्याम्होरं... आलं का ऐकू? साच्याच्या पिना चालल्यात. सक्काळपासनं दीडशे झाल्या.

स्वरूपा: काका, नमस्कार. त्या मशीनला प्रोग्रॅम कशानं पाठवता?

कोंडीराम: बाईंच्या सुतळीनं. दुसरं कशानं पाठिवणार? तिला दुसरं काय कळतंय व्हय?

स्वरूपा: मग पिवळी पट्टी दिसली असेल ना वर्षभर? हे बंद होणार म्हणून?

कोंडीराम: पट्टी? न्हाई बा.

स्वरूपा: तुमच्याकडे कुठलं व्हर्जन आहे? म्हणजे, शेवटचं कधी बदललंत?

कोंडीराम: खंडेनवमीला. आमचं वर्सातनं एकदाच असतंय, ताई. मशीन थांबवायची, धुवायची, ऑइल बदलायचं, हार घालायचा, अन् जे नवं भरायचं ते त्याच दिशी भरायचं. भोसरीच्या रंगरावांचा जावई पेनड्राइव्हवर घिऊन येतो. मधल्या काळात चालत्या मशीनला कुनी हात लावत न्हाई. मधी बिघडली तर कंपनीचा माल कोन देनार?

स्वरूपा: मशीनच्या कॉम्प्युटरला इंटरनेट?

कोंडीराम: कशाला? त्याला काय पिच्चर बघायचाय?

स्वरूपा: आणि काका, पुढच्या महिन्यात नवं व्हर्जन भरलं आणि त्यात लेथ चाललीच नाही, तर?

कोंडीराम: ...आसं व्हनार हाय का, बाई?

विजयश्री: तिनं विचारलंय, तुम्ही सांगा.

कोंडीराम: तर मग बसलो. नऊ मान्सं हायती माझ्याकडं. मोठ्या पिना घेनारी ही एकच मशीन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी पयला फोन बाईंना.

स्वरूपा: वेबसाइटवर कळवायची सोय आहे, काका.

कोंडीराम: आसंल. पन बाईंचा नंबर पाठ हाय की आमाला.

विजयश्री: कोंडीराम, मिलिंग मशीन आठवतं? आणि ती दोन ड्रिलची?

कोंडीराम: ड्रिलची कवाच वितळली. मिलिंगची दोन हजार सहाला गेली. क्रेननं उचलली तवा तुमी गेटवर हुभ्या हुत्या की. डोळं पुसत हुत्या.

विजयश्री: घाम होता तो. मे महिना होता.

कोंडीराम: व्हय, व्हय. घामच आसंल.

विजयश्री: ठेवते. लेथ थांबवू नका. कळवते मी.

स्वरूपा: संपलं. म्हणजे तीन हजार एकशे चाळीस ओळी पुन्हा माझ्या गळ्यात. दहा महिने नोटीस लावली आणि ती वाचायची वेळ येते वर्षातून एकदा! हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

विजयश्री: कुठल्याच नाही. गळ्यात पडलं म्हणून रडू नकोस. ती फाईल उघड. अक्षर मोठं कर. अजून मोठं. हां. यात चार मशीनं आहेत. लेथचा भाग कुठून कुठे?

स्वरूपा: इथून... इथपर्यंत. पाचशे दहा ओळी.

विजयश्री: तेवढ्या ठेव. बाकीच्या पूस.

स्वरूपा: सगळ्या?

विजयश्री: ड्रिलची दोन्ही मेली. मिलिंग गेलेलं मी स्वतः पाहिलं. असल्या जातीचं मशीन या पट्ट्यात आमच्या एकाच कारखान्यात होतं. तुझी फटही त्यातच आहे ना? जाऊ दे ती पण.

स्वरूपा: मला वाटलं होतं, तू एका एका ओळीसाठी भांडशील.

विजयश्री: मी नोकरीत पहिलं काय केलं माहितेय? पुसलंच. सुतळी आली त्याच्या पुढच्या सोमवारी पंचिंगच्या खोलीला कुलूप लागलं. तिथे गिरजाबाई होती. टेपला भोकं पाडायची. मिलिंगची सांकेतिक भाषा कुठल्याही पुस्तकात नव्हती, तिला तोंडपाठ होती. तिनं सांगितली, मी लिहून घेतली. तीन दिवस.

स्वरूपा: तिला माहीत होतं, तिचंच काम जाणार ते?

विजयश्री: कंपनीनं नोटीस लावली होती ना. रीतसर. ऑफिसच्या गेटवरच्या बोर्डावर, महिनाभर आधी. गिरजाबाई कॅन्टीनच्या गेटनं यायची. मला ठाऊक होतं ती कुठल्या गेटनं येते. मी धरून चालले, की कळलं असेल.

स्वरूपा: मग?

विजयश्री: सोमवारी डबा घेऊन आली, कुलूप पाहिलं. स्टोअरमध्ये टाकली तिला. वर्षभर माझ्याशी बोलली नाही. खोली बंद व्हायलाच हवी होती, स्वरू, तिथे मी आजही मागे हटणार नाही. पण तिच्यापर्यंत चार पावलं चालत जायला काय झालं होतं मला?

स्वरूपा: म्हणून आत्ता फोन लावलास.

विजयश्री: म्हणूनच. आता तुझी अडचण बोल.

स्वरूपा: पाचशे ओळी तरी कोण सांभाळणार? मोडल्या तर तपासणार कशावर?

विजयश्री: कोंडीरामच्या लेथवर. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. खंडेनवमीपर्यंत धीर नको धरू, मी सांगितलं की तो गुरुवारी हात लावू देईल. आणि सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घाल.

स्वरूपा: तू एकाहत्तर वर्षांची आहेस.

विजयश्री: त्या ओळी बत्तीस वर्षांच्या आहेत. माझ्याहून लहानच.

स्वरूपा: चेष्टा नाही. खरंच विचारते. उद्या तू नसलीस, तर?

विजयश्री: तर पूस. आजच लिहून ठेव तिथे: महाळुंग्याची लेथ बंद पडली, किंवा विजयश्रीबाई गेल्या, की हा भाग काढावा. मात्र आधी कोंडीरामला फोन करावा. नंबर लिही.

स्वरूपा: ओपन सोर्समध्ये कुणाचा फोन नंबर लिहीत नाहीत गं.

विजयश्री: मग तुझ्या फोनमध्ये ठेव. आत्ता. कोंडीराम नावानं ठेव, महाळुंगे काका असलं काही नको.

स्वरूपा: ठेवला. पाच नाही, सहा वाजता काढते व्हर्जन. ड्रिल पहिलं... गेलं. दुसरं... गेलं. मिलिंग तू कर. हे इथपासून निवड, आणि हे बटण.

विजयश्री: थांब. ही वरची ओळ काय म्हणते? चष्मा त्या खोलीत राहिला.

स्वरूपा: इंग्रजीत आहे. ‘मिलिंगचे संकेत गिरजाबाई, पंचिंग विभाग, यांनी सांगितल्याप्रमाणे.’ मी ही फाईल शंभरदा उघडली असेल. मला वाटायचं, कुठल्या तरी मॅन्युअलचं नाव आहे.

विजयश्री: ती लेथच्या भागात ने.

स्वरूपा: लेथशी तिचा संबंध नाही ना. आणि ही ओळ काहीच करत नाही, मावशी. मशीन ती वाचतसुद्धा नाही.

विजयश्री: माहितेय मला. मीच लिहिली ती. ने.

स्वरूपा: नेली. आता दाब.

विजयश्री: दाबलं. गेलं ना?

स्वरूपा: गेलं.

विजयश्री: आणि गिरजाबाईला कुठे ठेवलंस?

स्वरूपा: सगळ्यात वर. तुझ्या नावाच्या आधी.

विजयश्री: बरोबर आहे. ती माझ्या आधी लागली होती कामाला.