कोरड्या क्लचला तेल

...आणि वर मलाच विचारतात, ‘लोटू, तुला कोणी सांगितलं होतं?’ आता तेल लावायला काय कोणी सांगावं लागतं? तुम्हाला सांगतो, सुरतेला बमरोलीच्या लूमवर, कापडाच्या मागावर, अठरा वर्षं काढली मी, हातात तेलाची कुप्पी, जरा कुरकुरलं की दोन थेंब, पुन्हा कुरकुरलं की दोन थेंब... लूम बंद पडली म्हणून हजीऱ्याच्या बंदरात टगवर लागलो, मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावते ती छोटी बोट हो! चार महिने हंगामी, आणि दसरा झाला की पक्कं करणार होते! आमच्या बायकोने, प्रमिलाने तर अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. मग खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावायचं आणि तेल नाही लावायचं? गुन्हा आहे का हा?

इंजिन आणि बोट ढकलणारा पाण्यातला मागचा पंखा, यांच्या मध्ये असतो क्लच. दोन थाळ्या, एकमेकींवर दाबलेल्या, आणि कोरड्या ठणठणीत! मला बघवेना. बिचाऱ्या रोज घासतात, सणासुदीला तरी... ओतलं. कुप्पीभर. गुन्हा आहे का?

दुसऱ्या दिवशी दसरा. नारळ फुटला, टग धक्क्यापासून सुटली, ओहोटी लागलेली, इंजिन असं गरजतंय की कान बंद, आणि टग? ढिम्म! पाणी नेईल तशी चालली गाळाकडे! वरून कप्तान, ‘इंजन चालू है, तो चलती क्यूं नहीं?’ खाली इंजिनवाले धनसुखभाई थाळीला हात लावतात, हाताचा वास घेतात, सावकाश माझ्याकडे बघतात... ‘लोटूभाई, आ शुं कर्युं? आ तो घसाईने पकडे छे! तेल नाख्युं एटले सरकी जाय!’ म्हणजे थाळ्यांनी घासायचंच असतं म्हणे, घासून धरलं तरच पंखा फिरतो, तेल पडलं की सटकतात! अहो, अठरा वर्षं शेठ ओरडायचा, काही घासता कामा नये!

रुतलो. भरती येईपर्यंत गाळात! मी थाळ्या थिनरने पुसतोय, पॉलिश पेपर मारतोय, आणि खोटं कशाला बोलू, रडू येत होतं. गेली नोकरी! फोनवर प्रमिला, ‘तुमना हातले चैनच नही का वो?’ गुन्हा आहे का, सांगा ना!

संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी बोलावलं. मी मान खाली. ‘लोटू, क्लच आतून बघितलेला धनसुखनंतर तूच. उद्यापासून पक्का.’ मी पायच धरणार होतो! ‘काम एकच. क्लचजवळ बसायचं, आणि कोणी तेल घेऊन आला की अडवायचा.’

आता अख्ख्या टगवर तेल घेऊन फिरणारा माणूस मी एकटा... बसतो रोज आठ तास, माझ्यावरच पहारा देत!