नहपानाच्या नाण्याला कडी

अहो अहो, चोळू नका! धोतराला चोळू नका ते. ठेवा तिथं, त्या फडक्यावर. चार वर्षं मी तुम्हाला कार्डांवर लिहितोय — नाणं पुसू नये, चिंचेत टाकू नये, राखेनं घासू नये — आणि नामपूरचे पोस्टमास्तर माझ्या ओसरीवर टेकतात न टेकतात तोच पहिलं काम काय करतात, तर नाणं धोतराला चोळतात. रागावलो नाही हो. माझा चेहराच तसा आहे, कार्डावर तो दिसत नाही. तुम्हीही मला जरा उंच वाटला होतात. असो. पाणी हवं तर तांब्या मागं आहे, आपल्या हातानं घ्या, घरात कोणी नाही. — मंडळी? सांगतो. आधी हे सांगा, आल्या आल्या तुम्ही काय म्हणालात? कडी लावायची? नाण्याला?

कडी लावायची म्हणजे काय करतात ठाऊक आहे ना? सोनार ते विस्तवावर धरतो, काठाला डाख देतो, वर गोल तार चिकटवतो, आणि मग ते नाणं राहत नाही, डाग होतो, दागिना. दोन हजार वर्षं जमिनीत निवांत पडलेली वस्तू, ती तुम्ही भाजणार आणि दोऱ्यात ओवणार. गळ्यात घालायला पुतळ्या मिळतात. एडवर्ड बादशहाचा रुपया घाला, त्याचं कुणाला दुःख नाही. हट्ट कुणाचा हा? — घरून. वाटलंच. धर्मशाळेत आहेत का त्या? त्र्यंबकेश्वर झालं, आज रामकुंड, उद्या सकाळच्या मोटारीनं परत. छान. त्यांना सांगा, ओव्हरसियर नको म्हणाले. खुशाल माझ्यावर ढकला. मला सवय आहे.

आलात तर हे बघून घ्या. हे खण माझ्या हातचे, सागाचे. पाकिटं लग्नपत्रिकांची — कागद जाड असतो, आणि गावात लग्नं काही थांबत नाहीत. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो तेव्हा कालव्याच्या खोदाईत मजूर आणून द्यायचे; आता अब्बास कल्हईवाला आणतो, खेडोपाडी फिरतो ना, लोक फुटक्या भांड्यांबरोबर त्याला काय काय देतात. ही शिवराई. हा बहमनी पैसा. ही मुल्हेरची महमुदी, तुम्हीच धाडलेली, बदल्यात मी दोन क्षत्रप पाठवले होते. एकासारखं दुसरं मिळालं की दुसरं वाटून टाकायचं, हा माझा नियम. खणात नुसती साठवून काय करायचंय? कुणीतरी हातात घ्यावं, उजेडाला धरावं. — ते पाकीट? ते रिकामंच आहे. वर लिहिलंय तेच — 'नहपान, वरून गौतमीपुत्राची छाप, जोगलटेंभी.' नाही, हरवलं नाही. असू द्या.

द्या आता तुमचं. कुठं मिळालं म्हणालात? बारकूकडं. ओळखतो की. वैशाखात पाणी उतरलं की रामकुंडात कंबरभर पाण्यात उभा राहतो आणि टोपलीनं गाळ उपसून चाळतो — यात्रेकरूंनी टाकलेले पैसे, अंगठ्या, जोडवी. काय दिलंत ते नका सांगू. भिंग द्या ते. हं. चांदी. वजन ठीक. हा राजाचा चेहरा, नाक बघा केवढं — हा नहपान, क्षत्रप राजा. आणि त्याच्या गालावर हे काय? तीन कमानींचा डोंगर. गौतमीपुत्रानं याला हरवलं, खजिना हाती लागला, पण चांदी आटवत बसला नाही. होत्या त्याच नाण्यांवर आपली छाप मारून दिली. जोगलटेंभीला गोदेकाठी तेरा हजारांवर सापडली, मी तेव्हा नोकरीत नवा होतो. पण गंमत अशी, छाप बसली तरी खालचा माणूस जात नाही. डोंगराआडून बघत राहतो. आणि इथं, काठाला —

हं.

थांबा जरा. इथं उजेड कमी आहे, दारात जाऊन बघतो. … नाही, उजेड पुष्कळ आहे. बसा, बसा तुम्ही.

पोस्टमास्तर, हे नाणं वाईट आहे. खोटं नाही, वाईट. हे दोन ठिपके दिसतात? डाखाचे. याला एकदा कडी लावलेली आहे, मग कानशीनं काढलेली. आणि ओरखडे कसे गेलेत बघा, उलटे — डावखुऱ्या माणसाचं काम. असल्या नाण्याला कोणी दारात उभं करत नाही. तुम्ही असं करा, हे माझ्याकडं टाका, बदल्यात दोन चांगली देतो. तीन देतो. बरं, हे घ्या — यादवांचं पद्मटंक, सोन्याचं, मधे कमळ. हे मी कुणाच्या हातातसुद्धा देत नाही. घ्या ना, उचला. — असं काय बघताय? माझ्या हाताकडं काय बघताय? … हो. भिंग मी डाव्याच हातात धरतो.

बरं. पोस्टात राहून माणसं फार बारीक बघायला शिकतात. माझंच आहे ते. — चोरी? छे छे, बारकूनं काही केलेलं नाही. मीच टाकलं कुंडात, दीड वर्षापूर्वी. गेल्याच्या मागच्या दिवाळीत, पाडव्याला, आमची मंडळी ताम्हन घेऊन ओवाळायला समोर आली आणि गळ्यात हे. मंगळसूत्राच्या शेजारी, वेगळ्या दोऱ्यात. गोटीराम सोनाराकडून गुपचूप कडी लावून आणलेली, वर चिंच लावून लखलखीत केलेलं. तीस वर्षांत तिनं या खणांना हात लावला नव्हता हो. मी काय केलं? पाटावरून उठलो. ती म्हणाली, 'एवढी जमवलीत, त्यातलं एक माझ्या गळ्यात असावं, इतकंच.' दुसऱ्या दिवशी तिनं ते आपण होऊन काढून ठेवलं आणि मी कानस घेऊन बसलो. ती तिथं, तुम्ही बसलाय तिथंच, तांदूळ निवडत होती. त्यानंतर अठरा दिवस आम्ही बोललो, बोललो नाही असं नाही — आंघोळीचं पाणी, भाजीला काय, एवढं. एकोणिसाव्या दिवशी तिला ताप भरला. विषमज्वर. डॉक्टर म्हणाले, एकवीस दिवस काढले तर निभावेल. नऊ काढले.

नाही, तुम्हाला नाही कळवलं. कार्ड नाण्यांसाठी असतं. त्या महिन्यात मी तुम्हाला 'यादवांचं एक तांब्याचं मिळालं' असं लिहिलं होतं. तुम्ही उत्तरी अभिनंदन केलं होतंत. — अहो, त्यात तुमचं काय चुकलं? अभिनंदन करण्यासारखंच होतं ते.

अस्थी घेऊन कुंडावर गेलो. गुरुजी म्हणाले, सोबत सोनं-रुपं काही सोडायचं असेल तर सोडा. हे खिशात होतं. का होतं ते विचारू नका. त्या पाण्यात अस्थी विरघळतात म्हणतात. चांदी विरघळत नाही, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं. बारकू दर उन्हाळ्यात गाळ उपसतो हेही ठाऊक होतं, त्याच्याकडूनच कितीतरी घेतलीत मी. तेव्हा सुचलं नाही. आणि एक सांगतो, सांगणार नव्हतो — ती समोर ओवाळायला उभी होती तेव्हा मी नाणं बघत होतो. निरांजनाचा उजेड नेमका त्याच्यावर. तीन कमानी, खालची नागमोडी रेघ, नहपानाच्या नाकपुडीपर्यंत सगळं आत्ता सांगतो. तिचा चेहरा कसा झाला होता, ते मात्र विचाराल तर सांगता येत नाही. मी वर बघितलंच नाही.

नका, नका, असं पुढं करू नका. फुकट नको. पद्मटंकाच्या बदल्यातही नको, मघाशी बोलून गेलो ते सोडा. तुमच्याच हातात राहू दे. मी घेऊन काय करणार? पाकिटात घालणार. — मला एवढं सांगा, तुमच्या घरून काय म्हणाल्या? नेमके शब्द? … हं. जवळजवळ तेच. आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? 'ओव्हरसियरांना विचारतो.' बरं केलंत. उठून तर गेला नाहीत.

मग विचारलंत, तर ऐका. उठा. इथून थेट सराफबाजार, गोटीरामचं दुकान कोणीही दाखवील. त्याला म्हणावं कडी लाव. त्याच जागी, हे दोन ठिपके आहेत तिथंच, उगीच दुसरीकडं तापवू नकोस. आणि घरी सगळं खरं सांगा, अस्थींबरोबरचं आहे ते लपवू नका. त्यांना शंका आली तर म्हणावं, सवाष्ण गेली ती. सवाष्णीचं असलं की गळ्यात घालायला हरकत नसते, बायकांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि त्यांनी घातल्यावर तुम्ही जरा वर बघा. नाण्यावरची छाप नंतर बघता येते.

गोटीराम विचारील, कुणी पाठवलं. माझं नाव काढू नका, दारातूनच परत लावील. त्या पाडव्यानंतर मी त्याच्या दुकानात जाऊन चार माणसांत नको ते बोललोय. त्याला सांगा, सिंधुबाईंचं नाणं आहे. — हो, सिंधुबाई. तीस वर्षांत मी कधी नावानं हाक मारली नाही, आता तुमच्यामार्फत सोनाराला सांगतोय. तो ओळखील.

चला, दुपारचा तो जेवायला घरी जातो, मग चारपर्यंत येत नाही. ते पद्मटंक द्या इकडं. आणि ते रिकामं पाकीट होतं तिथं ठेवा खणात. पालथं नको, नाव वर येऊ दे. तुमचं नाणं घेतलंत ना? फडक्यात गुंडाळा — नाही, राहू दे. चोळायचं तर चोळा धोतराला. जा.