चिठ्ठी राहू द्या

मी मूळचा खाप्याचा. आमच्या घरी हातमाग, बाप विणायचा, मोठा भाऊ अजून विणतो, मी मात्र नागपूरले गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात लागलो त्याले सत्तावीस वर्षं झाली. काय सांगू तुम्हाले, डोळे मिटून कापडावर बोट फिरवलं तरी सूत कोणतं, रंग टिकते का नाही, भाव काय, सारं सांगतो. म्हणून शोरूमच्या पिशव्या मिरवत जाणाऱ्यांले मी जन्मभर हसत आलो. माल आमचाच, डबा फक्त त्यांचा.

मग पोरीचं, वैशालीचं, लग्न जमलं, साक्षगंध ठरलं. आमच्याकडे विहिणीचं लुगडं त्या दिवशी साऱ्या बायांसमोर उघडतात. मी भावाकडून खास विणून घेतलं, सुती, रेशीमकाठी, तीन आठवडे लागले त्याले, आणि पांढऱ्या फडक्यात बांधून नेलं, कारण मागावरचं लुगडं आमच्या घरी तसंच देतात. विहीणबाईनं गाठ सोडली, पण लुगड्याकडे नजर नाही, फडक्याकडेच पाहून राहिली. तिची बहीण म्हणाली, काहून वं, डबा घरीच राहिला का यांचा? बाया हसल्या. माझी पोरगी मान खाली घालून बसली, ते मले अजून दिसते. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, बाबा, तुम्हाले कापड समजते, पण मले तिथं राहायचं आहे.

लग्नाआधी मी शोरूममध्ये गेलो. त्यांनी जी साडी काढली ती आमच्याच दुकानातून गेलेली, गठ्ठा मीच बांधला होता, यंत्रमागाची, आमच्याकडे अठराशे, तिथं अकरा हजार. घेतली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काका, किमतीची चिठ्ठी काढून देऊ? मी म्हटलं, राहू द्या. सत्तावीस वर्षांत मी गिऱ्हाईकाले भाव फुगवून सांगितला नाही, त्या दिवशी मात्र चिठ्ठीकडून सांगवला. लग्नात विहीणबाईनं चिठ्ठी उलटून पाहिली आणि वैशालीले जवळ बसवलं. मले तिकडं पाहवलं नाही.

वर्षानं पोरीच्या डोहाळजेवणाले गेलो, तर विहीणबाई स्वयंपाकघरात, अंगावर भावाचं लुगडं. मी पाहून राहिलो तर म्हणाल्या, भाऊ, हे फार मऊ लागते, धुतलं का आणखी मऊ होते. मग भाजी परतता परतता, माझ्याकडे न पाहता, म्हणाल्या, माझ्या बापानंही लुगडं फडक्यातच आणलं होतं, सासूनं साऱ्यांसमोर भांडेवालीले देऊन टाकलं, बाबा तिथंच उभे होते. तेव्हापासून कोणी काही आणलं का माझी नजर आधी डब्यावर जाते.

कापड मले समजत होतं, माणूस कशासाठी पैसे मोजते ते नव्हतं समजलं.

शोरूमची साडी डब्यात, चिठ्ठीसकट, त्यांच्या कपाटात आहे, वैशाली सांगते. पोरगी सुखात आहे, देवानं तिले तसंच ठेवावं. आता दुकानात कोणी कापडाच्या आधी डब्याचं विचारलं तर मी हसत नाही. डबा काढतो, फडक्यानं धूळ पुसतो आणि पुढं ठेवतो.